ईबी-१ए अर्जात परिस्थितिकी संशोधकाच्या सायटेशनचे वजन

परागीभवन करणाऱ्या कीटकांवरील १४ शोधनिबंध, गूगल स्कॉलरवर सुमारे ३१० सायटेशन (इतर लेखनात आपल्या निबंधांचे आलेले उल्लेख) आणि ९ हा एच-इंडेक्स (म्हणजे किमान ९ सायटेशन मिळालेले ९ निबंध) एवढ्या भांडवलावर अमेरिकेच्या ईबी-१ए, म्हणजे असाधारण क्षमतेच्या व्यक्तींना ग्रीन कार्ड देणाऱ्या वर्गात अर्ज करावा, की आकडा वाढेपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. याच विषयात काम करत मी अमेरिकेत स्थायिक झालो आणि सहकाऱ्यांचे अर्जही जवळून पाहिले. त्यावरून माझे मत असे की, आकडा वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा आपले काम कोणी आणि नेमके कशासाठी वापरले, याचा शोध आधी घ्यावा.

सायटेशनची किमान संख्या नियमांत कुठेही दिलेली नाही. दहा निकषांपैकी किमान तीन पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतर अधिकारी सगळा पुरावा एकत्र धरून अर्जदार आपल्या क्षेत्रातील अगदी वरच्या थोड्या लोकांत मोडतो का, हे ठरवतो. संशोधकाला सहसा जमणारे तीन निकष म्हणजे शोधलेखन, इतरांच्या कामाचे परीक्षण आणि मोठ्या महत्त्वाचे मौलिक योगदान. पहिल्याला शोधनिबंध पुरतात. दुसऱ्यासाठी परीक्षणाचे निमंत्रण पुरेसे नसून परीक्षण प्रत्यक्ष केल्याचा पुरावा लागतो, म्हणून संपादकांची पोचपत्रे जपून ठेवावीत. खरी कसोटी तिसऱ्या निकषावर लागते.

तिथे ३१० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. एच-इंडेक्स ही मोजणी भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवली. ती वयाबरोबर वाढते आणि कधी कमी होत नाही, त्यामुळे तरुण संशोधकाला ती मुळातच प्रतिकूल असते. परिस्थितिकीत तर एकेका निबंधामागे कित्येक हंगामांचे क्षेत्रकाम असते आणि त्याची दखलही सावकाश घेतली जाते. म्हणून तुलना त्याच विषयातील, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधांशी करावी. क्लॅरिव्हेट कंपनीच्या इसेन्शियल सायन्स इंडिकेटर्स या सायटेशनच्या आकडेवारीत २२ क्षेत्रे आहेत, त्यांत पर्यावरण व परिस्थितिकी हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे, आणि कोणत्या वर्षीचा निबंध किती सायटेशनला वरच्या १ किंवा १० टक्क्यांत जातो, हे तिथे दिलेले असते. आपला एखादा निबंध त्यात बसत असेल, तर अर्जाचा कणा तोच करावा. मात्र गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालही मोजत असल्याने त्याचा आकडा क्लॅरिव्हेटच्याच वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा निघतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या क्षेत्रात हटकून येते. जागतिक विदा (डेटा) एकत्र करणाऱ्या निबंधांवर कधी शंभराहून अधिक लेखक असतात आणि त्यांना सायटेशनही भरपूर मिळतात. आपल्या ३१० पैकी बराच भाग अशा एका निबंधाचा असेल, तर तो स्वतःहून वेगळा दाखवावा आणि त्यातील आपला वाटा लेखक-योगदानाच्या टिपणाने स्पष्ट करावा. स्वतःच केलेली सायटेशनही वजा करावीत. उरलेला आकडा लहान दिसला तरी चालेल, कारण फुगवलेला आकडा उघडा पडला की बाकीच्या पुराव्यावरही शंका घेतली जाते.

आता परिस्थितिकीच्या माणसाची खरी जमेची बाजू, जी बहुतेक जण अर्जात मांडतच नाहीत. आपल्या कामाचा वापर आयपीबीईएस या जैवविविधतेवरील आंतरराष्ट्रीय मंचाच्या मूल्यांकनांत, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातील प्रजातींच्या लाल यादीतील एखाद्या प्रजातीच्या नोंदीत, किंवा वनखात्याच्या व्यवस्थापन आराखड्यात झालेला असू शकतो, आणि असे उल्लेख सायटेशनच्या मोजणीत अनेकदा येतच नाहीत. जीबीआयएफ या प्रजातींच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संग्रहात आपण नोंदी दिल्या असतील, तर त्या वापरणारे निबंध तिथे शोधता येतात. प्रत्येक उल्लेखाचे पान जोडावे आणि त्याखाली दोन वाक्यांत लिहावे: लेखकाने आपली पद्धत वापरली, आपल्या निष्कर्षावर शिफारस बेतली, की प्रस्तावनेतील दहा नावांच्या रांगेत आपलेही नाव घेतले. शेवटच्या प्रकाराला फारशी किंमत नसते. शिफारसपत्रांनाही हीच फूटपट्टी लावावी. ज्यांच्याबरोबर आपण कधी काम केलेले नाही, पण ज्यांनी आपली पद्धत स्वतःच्या अभ्यासात वापरली, अशांचे तपशीलवार पत्र मार्गदर्शकाच्या स्तुतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

हा शोध घेऊनही पुरावा तोकडा वाटला, तर राष्ट्रीय हिताच्या सवलतीचा, म्हणजे एनआयडब्ल्यूचा अर्ज आधी करावा. अमेरिकी स्थलांतर विभागाच्या अपील कार्यालयाने २०१६ मध्ये दिलेल्या धनसार निर्णयाने त्याच्या तीन अटी ठरवल्या असून त्यात क्षेत्राच्या शिखरावर असण्याची अपेक्षा नाही. नोकरी देणारी संस्थाही दोन्ही अर्जांना लागत नाही. एनआयडब्ल्यू ईबी-२ या पुढच्या वर्गात मोडतो आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची ती रांग ईबी-१ पेक्षा बरीच लांब आहे, पण तो मंजूर झाला की त्याची प्राधान्य-तारीख (रांगेतील जागा ठरवणारी तारीख) पुढे ईबी-१ए मंजूर झाल्यावर वापरता येते. पात्रता अर्जाच्या दिवशीच असावी लागते, नंतर मिळालेली सायटेशन ती सिद्ध करत नाहीत. म्हणून ईबी-१ए करताना घाई नको, एनआयडब्ल्यूला मात्र उशीर नको.