ऑक्टोबरमध्ये लहान मुलांना घेऊन लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये हरणं बघायला जावं का?

हो, जरूर जा, फक्त हरणांपासून निदान 50 मीटर लांब राहा. पार्क सांभाळणाऱ्या ‘रॉयल पार्क्स’ची सूचनाही हीच आहे. पहिल्या चार्ल्स राजाने 1637 साली शिकारीसाठी कुंपण घातलेल्या या जागेत आज सहाशेच्या आसपास हरणं मोकळी फिरतात. माणसांची सवय असल्यामुळे ती गरीब वाटतात, पण पाळीव नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ. नर मोठमोठ्याने ओरडतात, शिंगाला शिंग भिडवतात आणि माद्यांमागे धावताना वाटेत कोण आहे हे बघत नाहीत. त्यामुळे दोन नरांच्या किंवा नर-मादीच्या मध्ये कधीही जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नको. खायला घालायला मनाई आहे. दृश्य मात्र विलक्षण असतं, सकाळी लवकर गेलात तर जास्तच! मुलं हात सोडून पळण्याच्या वयाची असतील तर हा हंगाम टळल्यावर जाणं बरं. मे ते जुलैमध्ये गेलात आणि गवतात एकटं पाडस दिसलं, तर त्याला हात लावू नका. आई बहुधा जवळच चरत असते.