गूगलच्या अपडेटनंतर साईटचे वाचक निम्मे झाले, तर आधी काय तपासावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून कापूस-सोयाबीनची मराठी साईट चालवता, मार्चमध्ये गूगलचा अपडेट आला आणि एप्रिलअखेर वाचक निम्म्यावर आले. आता थीम बदलू की जुने लेख उडवू, असा तुमचा प्रश्न. सध्या दोन्ही करू नका. घट नेमकी कुठे झाली ते आधी शोधा.

मार्च-एप्रिलात आपल्याकडे पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटून झालेली असते, बहुतेकांचं सोयाबीन विकून झालेलं असतं. भाव आणि फवारणी शोधणारेच कमी होतात. त्यात अपडेटही याच दिवसांत आला, तर हंगामाची घट त्याच्या माथी जाते. 2024चा मार्च कोअर अपडेट (गूगलच्या रँकिंग पद्धतीतला मोठा बदल) 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपला, म्हणजे नेमका हाच काळ. सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकांसाठी गूगलचं मोफत साधन) 16 महिन्यांचे आकडे असतात, त्यात गेल्या वर्षीचे तेच आठवडे शेजारी ठेवून पाहा. मग अपडेटच्या तारखा गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवरून घ्या. अपडेट संपल्यावर किमान आठवडाभर थांबा आणि त्या आठवड्याची तुलना अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी करा. डिस्कव्हरचे (न शोधता गूगल मोबाईलवर सुचवतं त्या लेखांचे) आकडे वेगळे पाहा. तिथले वाचक अपडेट नसतानाही अचानक येतात, अचानक जातात.

यानंतर सर्च कन्सोलमध्ये एकेक पानाचे आकडे उघडा. पोझिशन म्हणजे शोध-निकालातला क्रमांक, इम्प्रेशन म्हणजे निकालात पान किती वेळा दिसलं. पोझिशन तीच आणि इम्प्रेशन कमी, तर शोधणारे घटलेत. पोझिशन आणि इम्प्रेशन दोन्ही तेच, फक्त क्लिक कमी, तर बहुधा गूगल निकालांच्या वरच थेट उत्तर देतंय. पोझिशन तिसरीवरून चौदावीवर गेली असेल, तर तो रँकिंगचा फटका. आणि सगळी साईट एका दिवसात शून्यावर आली असेल तर मॅन्युअल अॅक्शन (गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई), नोइंडेक्स (पान शोधात दाखवू नका अशी खूण) आणि होस्टिंग तपासा, अपडेटच्या मागे लागू नका.

माझ्या पाहण्यात रँकिंगचा फटका सर्वात आधी बसतो तो सगळीकडे सारख्याच असलेल्या पानांना: सातबारा कसा काढायचा, पीएम किसानचा हप्ता कधी येणार. गुलाबी बोंडअळीच्या पानावर नुसती औषधांची यादी असेल तर तेही त्यातच आलं. त्याच पानावर तुमच्या वावरातल्या कामगंध सापळ्याचा (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्याचा) फोटो टाका, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली हे सांगा, त्या वेळी पऱ्हाटी किती दिवसांची होती तेही लिहा. असं पान शेतकऱ्याच्या खरोखर कामाचं असतं, आणि ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही.

नुसती तारीख बदलून जुना लेख नवा दाखवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका, गूगलने स्वतःच त्याबद्दल बजावलंय. लेख उडवणं हाही शेवटचा उपाय, दुरुस्त होण्यासारखं काहीच उरलं नसेल तेव्हाचा.

सुधारणा केल्यावर काही पानं लवकर वर येतील, पण पूर्ण साईट सावरायला महिने लागू शकतात. कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. बोंडअळीचं पान मात्र पेरणीच्या आत नीट करा. पात्या-फुलं लागली की लोक ते शोधायला लागतात.