डायलिसिसवर असलेल्या वडिलांची हाडं दुखतात, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं लातूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, मांड्या-कंबर ठणकते, खाली बसले की धरून उठवावं लागतं आणि गावात सगळे कॅल्शियम व ‘ड’चं इंजेक्शन सुचवताहेत. स्वतःच्या मनाने दोन्ही देऊ नका. आधी रक्त तपासून घ्या.

उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व कच्चं असतं. त्याला कामाचं रूप शेवटी किडनी देते. ती थकली की उन्हात कितीही बसलं तरी कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही. नवीन हाड तयार होतं, पण त्यात चुना भरत नाही, ते मऊच राहतं. शिवाय फॉस्फरस साचतो, त्यामुळे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक वाढवून हाडातलं कॅल्शियम ओढतात. मऊ हाड आणि वाढलेलं पीटीएच, दोन्हींचं दुखणं सारखंच, उपचार मात्र वेगळे.

म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांची उलाढाल दाखवणारं), पीटीएच, ड जीवनसत्त्व आणि बायकार्बोनेट, एवढं तपासा. रक्त डायलिसिस सुरू व्हायच्या आधी द्या. नंतर दिलं तर फॉस्फरस कमी दिसतो आणि फसगत होते. फॉस्फरस ५.५ (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली हवा. बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर रक्तातलं आम्लही हाड झिजवतं. पीटीएच लॅबच्या वरच्या मर्यादेच्या २ ते ९ पट असला तरी डायलिसिसवर चालतो, तो आकडा बघून घाबरू नका.

डॉक्टरांनी कॅल्शियम अॅसिटेट दिलं असेल तर ते जेवतानाच, पहिल्या घासांबरोबर घ्यायचं. तिथे ते अन्नातला फॉस्फरस धरून ठेवतं. रात्री उपाशीपोटी घेतलं तर हे काम होत नाही आणि जास्तीचं कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचू शकतं. बाटलीतला कोला पूर्ण बंद. त्यातला फॉस्फरस जवळजवळ सगळा अंगात मुरतो, डाळी-ज्वारीतला त्या मानाने बराच कमी.

आपल्याकडे टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवतात. वडिलांच्या पिण्याच्या पाण्याला ती नको. तुरटीत अॅल्युमिनियम असतं, थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि जिथे चुना भरायचा नेमकं तिथेच ते जाऊन बसतं. अॅसिडिटीच्या पातळ औषधाच्या बाटलीवरही ‘अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड’ लिहिलंय का ते बघा.

पाय टेकताच जांघेत कळ येत असेल तर चोळणं, मालिश, हाड बसवणं सगळं थांबवा आणि आधी एक्स-रे काढा. मऊ हाडाला खुब्याजवळ बारीक चीर पडलेली असू शकते.