कोल्हापूर जिल्ह्यातील शाळेने जमीन व पाणी या दोन्हींसाठी एकच आंतरराष्ट्रीय दिवस पाळायचा असल्यास कोणता निवडावा?

५ डिसेंबरचा जागतिक मृदा दिन निवडावा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०१३ मध्ये त्यास मान्यता दिली आणि २०१४ पासून तो अधिकृतपणे पाळला जातो. २२ मार्चचा जागतिक जल दिन (१९९३ पासून) अधिक परिचित आहे, हे खरे; परंतु शिरोळ तालुक्यात उसाला दिलेले अतिरिक्त पाणी निचऱ्याअभावी काळ्या जमिनीत साचून क्षार वर येतात आणि चांगली शेते क्षारपड होतात, म्हणजे येथे मातीचा प्रश्न हा मुळात पाण्याच्या वापराचाच प्रश्न आहे, आणि मुलांना तो घोषवाक्यांपेक्षा प्रत्यक्ष बांधावर दाखवणे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या सुमारास तोडणी झालेल्या, अद्याप खत न घातलेल्या शेतांतून नमुने घेऊन सामू (pH, म्हणजे माती आम्ल आहे की अल्कली याचे माप) व क्षारता तपासून घेता येते. मात्र शाळा रंकाळ्यासारख्या तलावाजवळ असेल, तर २ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ भूमी दिन अधिक योग्य ठरेल. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या कराराची ती तारीख आहे.