६१ ओळींचा कागद

आईने पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला, टेबलावर ठेवला, पण उलगडला नाही. उलगडला तो वडिलांनी. शाळेने मुलाला दिलेल्या टॅबवर फिल्टर होता आणि त्याने एका रात्रीत जे जे अडवलं त्याची ती यादी होती. एकूण ६१ ओळी, बहुतेक ओळींपुढे वर्ग एकच: 'प्रौढ मजकूर'. वर्गशिक्षिकेने बोलावून हातात दिलेली.

"मॅडम, तेरा वर्षांचा आहे हो," आई म्हणाली. "एका रात्रीत एकसष्ट वेळा?"

वडिलांचा प्रश्न तयार होता. "घरातही सगळंच ब्लॉक करून टाकतो. फोन काढून घेतो. बरोबर ना?"

मी मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. म्हणूनच ही गोष्ट सांगतेय. मुलाची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

मी आधी वेळेचा रकाना बघितला. १० वाजून ४७ मिनिटं ९ सेकंद या एकाच सेकंदात ३८ ओळी होत्या. पुढच्या दोन सेकंदांत आणखी १९. कुणाचीही बोटं इतकी चालत नाहीत. एक पान उघडलं की ते स्वतःबरोबर जाहिराती, चित्रं, पाळत ठेवणारे तुकडे असं बरंच काही वेगवेगळ्या पत्त्यांवरून ओढून आणतं, आणि फिल्टर अडवलेल्या प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ लिहितो. हे मला एका शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी शेजारी बसवून दाखवलं होतं. त्याआधी अशीच एक यादी वाचून मी एका आईला विनाकारण घाबरवलं होतं. त्याची लाज अजून वाटते.

म्हणजे ५७ ओळी एका टिचकीच्या. राहिल्या चार. त्यातल्या तीन मुलाने स्वतः टाइप केलेल्या. मी मोठ्याने वाचल्या: 'कोणी माझा खोटा न्यूड फोटो बनवला तर काय करायचं', 'न्यूड फोटो इंटरनेटवरून कसा काढायचा', 'खोटा न्यूड फोटो कसा ओळखतात'. फिल्टरला त्यातला एकच शब्द दिसला होता. चौथी ओळ होती अशा प्रसंगी मुलांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या पानाची. तेही 'प्रौढ'मध्ये टाकून अडवलेलं.

वडिलांनी कागद परत स्वतःकडे ओढला आणि त्या चार ओळींवरून बोट फिरवत राहिले.

शब्द पकडणाऱ्या फिल्टरचं हे दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी लपली होती. तेव्हा लोक हसले. आता त्या जागी घाबरलेलं मूल असतं.

मुलगा दोन दिवसांनी आला. पहिली वीस मिनिटं त्याने माझ्या पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग म्हणाला, "अडवल्यावर ते लाल पान येतं ना, त्यावर लिहिलं होतं, तुमच्या विनंतीची नोंद झाली आहे." त्याला वाटलं, पोलिसांना कळलं. त्यानंतर त्याने शोधणंच सोडून दिलं.

घडलं ते असं. एका गेममध्ये त्याच्या टीममध्ये एक मुलगा असायचा, निदान तो तसं सांगायचा. महिनाभर गप्पा, मग 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये'. तिथे याने आपला साधा, हसरा फोटो पाठवला. दोन दिवसांनी तोच चेहरा चिकटवलेला एक मॉर्फ केलेला फोटो परत आला आणि सोबत धमकी: आणखी फोटो दे, नाहीतर हा शाळेत सगळ्यांना पाठवतो. हे सगळं वडिलांनी दिलेल्या जुन्या फोनवर, मोबाइल डेटावर. शाळेचा फिल्टर तिथे नव्हताच. असता तरी त्याला गेमच्या सर्व्हरचा पत्ता दिसला असता, आत कोण कुणाशी काय बोलतंय ते नाही.

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"फोन काढून घेतला असता."

मुलगा मला हे सांगत होता तेव्हा वडील बाहेरच्या खोलीत होते. मुलाच्या परवानगीने मी त्यांना आत बोलावलं आणि त्यालाच पुन्हा सांगायला लावलं.

पुढचं काम घाईचं होतं. समोरच्याला उत्तर द्यायचं नाही, काही पाठवायचं नाही. आणि रागाने चॅट पुसायचं तर मुळीच नाही. पालकांच्या हातून बहुतेकदा हीच चूक होते, आणि पुरावा जातो. आधी खात्याचं नाव, आयडी आणि धमकीचे मेसेज यांचे स्क्रीनशॉट, मग ॲपवर तक्रार, ब्लॉक सगळ्यात शेवटी. तो मॉर्फ केलेला फोटो मात्र कुणालाही पुढे धाडायचा नाही, मलासुद्धा नाही. पोलिसांकडे आईवडील मुलाला घेऊन गेले.

'टेक इट डाउन' या मोफत सेवेबद्दलही सांगितलं. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणारी अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था ती चालवते, आणि अठराच्या आतल्या वयात काढलेल्या किंवा बनवलेल्या अशा फोटोंसाठी ती कुठूनही वापरता येते. मुलाचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे फोटो त्यांना पाठवायचा?" नाही. फोटो आपल्याच फोनवर राहतो. त्यावरून अंक-अक्षरांची एक खूण तयार होते, बोटाच्या ठशासारखी, आणि फक्त ती जाते. सामील झालेल्या कंपन्या आपल्याकडे त्या खुणेशी जुळणारा फोटो शोधून काढतात. जी कंपनी सामील नाही तिथे किंवा एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येणाऱ्या, चॅटमध्ये याचा हात पोचत नाही, हेही सांगितलं. खोटा धीर मुलं लगेच ओळखतात.

वर्गशिक्षिका माझ्याशी बोलल्या तेव्हा खजील होत्या, पण दोष एकट्या त्यांचा कसा? यादी वाचायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. अमेरिकेच्या कायद्याचाही क्रम हाच आहे: आधी फिल्टर, शिकवणं मागाहून. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना फिल्टर सक्तीचा झाला २००० मध्ये. सोशल नेटवर्क आणि चॅटवर कसं वागावं, ऑनलाइन छळाला कसं तोंड द्यावं, हे मुलांना शिकवा, अशी अट त्यात घातली गेली २००८ मध्ये. मी शाळेकडे दोन गोष्टी मागितल्या: मदत करणाऱ्या संस्थांची पानं खुली करा आणि त्या लाल पानावर एक ओळ घाला, 'अडचणीत असशील तर यांना भेट', खाली शाळेतल्या माणसाचं नाव. पहिली आठवड्यात झाली. दुसरीसाठी अजून पत्रं लिहितेय.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. घरच्या वायफायवर फिल्टर लावा, जरूर लावा. लहान मूल चुकून भलतीकडे जाऊ नये यासाठी तो उपयोगाचा आहे. पण तेरा वर्षांचा मुलगा मित्राच्या हॉटस्पॉटवर जातो, फिल्टरला वळसा घालणारं व्हीपीएन ॲप टाकतो. त्यात मी वडिलांना फार वेळ अडकवलं नाही. फोन काढून घेण्याच्या धमकीवर मात्र तासभर घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते एवढंच: त्याने स्वतःहून येऊन काहीही सांगितलं, तर त्या कारणासाठी फोन जाणार नाही. "काहीही?" वडिलांनी दोनदा विचारलं.

तिसऱ्या भेटीत मुलाने मध्येच खिशातून फोन काढून बघितला. "बाबा, ही रिक्वेस्ट कुणाची आहे, कळत नाहीये." वडिलांचा हात सवयीने फोनकडे गेला, अर्ध्यावर थांबला. "तूच दाखव," ते म्हणाले. दोघं मिळून बराच वेळ त्या खात्यावरचे फोटो बघत बसले. वर्गातलाच एक मित्र निघाला, नवं खातं उघडलेला.