शिक्षा भोगून झाली, पण शिक्का पुसायचा कसा?

प्रश्न : माझे वय बेचाळीस वर्षे आहे. २००६ साली शेताच्या बांधावरून चुलत्यांशी भांडण झाले आणि रागाच्या भरात माझ्या हातून चुलत भावाच्या हातावर कोयत्याचा वार झाला. त्याची दोन बोटे कायमची वाकडी राहिली. पोलिसांनी भारतीय दंड संहितेचे कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) लावले होते. सत्र न्यायालयाने २००९ मध्ये ते वगळून कलम ३२६ (घातक हत्याराने गंभीर इजा) खाली मला पाच वर्षांची सक्तमजुरी सुनावली. वडील अंथरुणावर होते आणि हातात पैसा नव्हता, म्हणून अपील केले नाही. २०१३ मध्ये सुटलो. त्यानंतर माझ्यावर एकही गुन्हा नाही आणि भावाशी पुन्हा जाणे-येणे सुरू झाले आहे. आता वाहनचालकाची एक नोकरी ठरत आली होती, ती पोलीस पडताळणीत हे प्रकरण निघाल्याने गेली. एक एजंट म्हणतो, चाळीस हजार द्या, रेकॉर्ड क्लिअर करून देतो. कायद्याने हे होते का? आणि पुढच्या फॉर्ममध्ये मी काय लिहावे? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : सर्वप्रथम, एजंटला एक रुपयाही देऊ नका. आपल्या देशात प्रौढ व्यक्तीची दोषसिद्धी काही वर्षांनी आपोआप पुसली जावी किंवा एखाद्या कार्यालयात अर्ज करून ती काढून घेता यावी, अशी तरतूद असलेला सर्वसाधारण कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे आणि ठरावीक काळ सरळ वागलेल्या माणसाला बहुतेक नोकऱ्यांसाठी आपली जुनी शिक्षा सांगावी लागत नाही. आपल्याकडेही तो व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते, पण आज तो नाही. तुमची नोंद न्यायालयाच्या निकालपत्रात आहे, पोलिसांच्या संगणकात आहे आणि तुरुंगाच्या दप्तरातही आहे. या तिन्ही ठिकाणांहून ती काढण्याचा अधिकार कोणत्याही एजंटला नाही. तो तुमच्या हातात ठेवील ते फार तर बनावट प्रमाणपत्र असेल, आणि बनावट कागद खरा म्हणून सादर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षेनंतर आणि पश्चात्तापानंतर जपलेले आयुष्य चाळीस हजार मोजून पुन्हा पणाला लावू नका.

निकाल बदलू शकते ते फक्त वरचे न्यायालय. ज्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तिथेच अर्ज करावा असे अनेकांना वाटते. परंतु एकदा सही झालेला निकाल लेखनातील चूक दुरुस्त करण्यापलीकडे त्या न्यायालयाला स्वतःहून बदलता येत नाही. तुमच्या बाबतीत दाद उच्च न्यायालयात मागावी लागेल. अपिलाची मुदत साठ दिवसांची होती आणि ती केव्हाच टळली आहे, हे खरे. मात्र मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि शिक्षा पूर्ण भोगली म्हणून दोषसिद्धीला आव्हान देण्याचा हक्क संपत नाही. इतक्या वर्षांचा विलंब माफ होणे अवघड आहे, हे मी लपवणार नाही. त्यामुळे वडिलांच्या आजारपणाचे कागद, निकालाची प्रत तुम्हाला केव्हा मिळाली, तुरुंगात असताना अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे कुणी सांगितले होते का, या गोष्टी नीट आठवून, तारखांसह लिहून काढा. कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत तत्काळ आणि विनामूल्य द्यावी लागते, आणि ऐपत नसलेल्या कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. हे तुमच्या बाबतीत घडले नसेल, तर विलंबाचे कारण नुसत्या गरिबीपेक्षा भक्कम होते.

मला खरी आशा वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे. भावाशी जाणे-येणे सुरू झाले आहे, हे तुम्ही ओघात लिहून गेलात; तुमच्या प्रकरणात त्याहून मोलाचे दुसरे काही नाही. कलम ३२६ चा गुन्हा तडजोडीने मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत येत नाही, म्हणून भावाने माफ केले तरी खालचे न्यायालय काही करू शकत नाही. परंतु २९ सप्टेंबर २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास असेच प्रकरण होते : जुने वैयक्तिक भांडण, बोटावर झालेली गंभीर इजा, कलम ३२६ खालची शिक्षा आणि नंतर झालेला समेट. गुन्हा अत्यंत घृणास्पद स्वरूपाचा नसेल, वाद दोन पक्षांपुरता असेल, समेट कोणत्याही दडपणाशिवाय झाला असेल आणि आरोपीचे नंतरचे वर्तन चांगले असेल, तर खटला संपून शिक्षा झाल्यानंतरही उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात ते प्रकरण रद्द करू शकते, असे त्या निकालात म्हटले आहे. अशा वेळी हा अधिकार फार जपून वापरावा, असेही न्यायालयाने बजावले आहे. विलंबाने केलेले अपील आणि समेटाच्या आधारावरची याचिका यांतले काय दाखल करायचे, ते निकालपत्र वाचून तुमचे वकील ठरवतील. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; ही मदत दान म्हणून मिळत नाही, पात्र व्यक्तीला तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

भावाकडे जाताना मात्र कोरा स्टॅम्पपेपर घेऊन जाऊ नका. ज्याची बोटे रोज भाकरी मोडताना त्याला तो दिवस आठवून देतात, त्याच्याकडे आधी माणूस म्हणून जा, आपल्याला काय हवे आहे आणि का, हे सरळ सांगा, आणि विचार करायला त्याला वेळ द्या. त्याने नकार दिला तर तो त्याचा अधिकार आहे. न्यायालय त्याला विचारणारच की हे प्रतिज्ञापत्र तू स्वखुशीने केलेस का, आणि त्या प्रश्नाला त्याला मनापासून होय म्हणता आले पाहिजे.

आणखी दोन मार्गांची नावे तुमच्या कानावर आली असतील. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते त्याला तो लाभ नाही, आणि ३२६ त्यातच मोडते. दुसरा मार्ग घटनेच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे माफी मागण्याचा. शिक्षेत सूट मिळाली तरी दोषसिद्धी तशीच राहते, पूर्ण माफी मिळाली तरच तिचे परिणाम संपतात, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितला आहे; तुरुंगातून मुदतीआधी सुटलेले अनेक जण सुटीलाच माफी समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. शिक्षा भोगून झालेल्या माणसाने या अर्जावर फार भिस्त ठेवावी, असे मी म्हणणार नाही.

आता फॉर्मविषयी. प्रश्न नीट वाचा आणि जेवढे विचारले आहे तेवढ्याचे खरे उत्तर द्या. ‘आपल्याविरुद्ध एखादा खटला प्रलंबित आहे काय?’ या प्रश्नाचे तुमचे खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘आपणांस कधी दोषी ठरविण्यात आले आहे काय?’ असे विचारले असेल तर ‘होय’ लिहा, पुढे कलम, वर्ष, शिक्षा आणि सुटकेची तारीख एका ओळीत द्या, आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. ती प्रत त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागातून खटला क्रमांक देऊन मिळते. सरकारी नेमणुकांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये असे ठरवले की, खरी माहिती दिलेल्या उमेदवाराचाही विचार नियोक्ता आपल्या विवेकाने करू शकतो, त्याला नेमण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पण माहिती दडवणे हे मात्र नेमणूक रद्द करण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते. खासगी कंपनी आपल्या धोरणानुसार निर्णय घेईल. उद्या उच्च न्यायालयाने तुमची दोषसिद्धी रद्द केली, तरी एखाद्या फॉर्ममध्ये अटकेविषयी विचारले असेल तर ती सांगावीच लागेल. तेव्हा रद्दबातल झाल्याचा आदेश सोबत जोडता येईल, हाच मोठा फरक.

कायद्याने घातलेली काही बंधने तुमच्यापुरती आजच संपलेली आहेत आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेले दिसत नाही. पारपत्र कायद्यानुसार, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतील दोषसिद्धीच आड येते. तुमची त्याच्या कितीतरी आधीची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याखालची निवडणूक लढवण्याची अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांची असते, तीही २०१९ मध्ये सरली. परदेशी जाणाऱ्या चालकांना मागणी असते, म्हणून पारपत्राचा मुद्दा विशेष लक्षात ठेवा. संबंधित देश व्हिसासाठी वेगळी माहिती मागू शकतो, आणि तिथेही खरेच लिहावे.

प्रश्न : माझ्या मुलावर तो सतरा वर्षांचा असताना दुचाकी चोरीचा गुन्हा दाखल झाला होता. बाल न्याय मंडळाने त्याला समज देऊन सोडले. आता तो पोलीस भरतीचा फॉर्म भरतो आहे. ही नोंद आयुष्यभर राहणार का?

उत्तर : राहायला नको. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचे बाल न्यायालयात सिद्ध झाल्यास. चोरीचा त्याच्याशी संबंध नाही. नोंदी प्रत्यक्षात नष्ट झाल्या आहेत का, हे मंडळाकडे लेखी अर्ज करून विचारा आणि आदेशाची प्रत घरी जपून ठेवा. अल्पवयातील आरोपावरून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात उमेदवाराला नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अयोग्य ठरवले होते. भरतीत अडचण आली तर तो निर्णय तुमच्या वकिलाच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या वडिलांना सत्र न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली होती. ते जामिनावर होते आणि उच्च न्यायालयात अपील प्रलंबित असतानाच मागील आठवड्यात त्यांचे निधन झाले. भाऊ म्हणतात, आता प्रकरण संपले. मला ते दोषी म्हणून गेलेले सहन होत नाही.

उत्तर : ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी याचे उत्तर टपालाने पाठवले आहे, कारण मासिकाचा अंक निघेपर्यंत थांबणे तुम्हाला परवडणारे नव्हते. इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहिते. अपीलकर्त्याच्या मृत्यूने अपील संपुष्टात येते. मात्र ते कारावासाच्या शिक्षेविरुद्ध असेल तर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले-नातवंडे, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणीही मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत अपील पुढे चालवण्याची परवानगी मागू शकतात. भावांची संमती लागत नाही, एकट्या मुलीचा अर्ज पुरेसा आहे. मृत्यूचा दाखला मिळायला उशीर होत असेल तर तो नंतर सादर करण्याची मुभा मागा, पण अर्जाची तारीख चुकवू नका.