क्राईम, कॉमेडी आणि थोडी लव्हस्टोरी असलेला एखादा जर्मन पिक्चर सुचवाल का? मी जर्मन शिकतेय, 'रन लोला रन' बघून झालाय.

डोळे झाकून 'फाक यू ग्योटे' बघा. 2013 चा आहे, डिरेक्टर बोरा दागतेकिन. नाव वाचून दचकू नका, हा ग्योटे म्हणजे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणून आपल्याला शाळेत सांगतात तोच गटे, आणि शिवी आणि कवी दोघांचंही स्पेलिंग मुद्दाम चुकवलंय कारण त्यातली पोरं तसंच लिहिणारी आहेत.

स्टोरी अशी की झेकी म्युलर नावाचा चोर जेलमधून सुटतो. आत जायच्या आधीचा माल त्याच्या चार्ली नावाच्या मैत्रिणीने एका बांधकामाच्या जागेवर पुरून ठेवलेला असतो, आणि हा बाहेर येऊन बघतो तर तिथे शाळेचा नवाकोरा जिम हॉल उभा! आता शाळेत घुसायचं कसं, म्हणून हा तिथे देखभालीच्या कामाची जागा मागायला जातो आणि हेडबाईंकडे शिक्षकच शिल्लक नसल्याने त्या ह्यालाच बदली शिक्षक म्हणून चिकटवून टाकतात. म्हणजे दिवसा वर्ग आणि रात्री तळघरातून बोगदा खणायचा. शाळेची अवस्था काय, तर 10 ब ला कंटाळून एक बाई सरळ खिडकीतून उडी मारतात (वाचतात, काळजी नको).

खरं सांगायचं तर क्राईमचा भाग तसा पातळच आहे. पोलीस मागे लागलेत, कोण पकडणार असलं टेन्शन शोधत असाल तर ते लोलामध्येच होतं, इथे नाही. पण मला हा पिक्चर आवडतो तो त्यातल्या लव्हस्टोरीसाठी, आणि ती ह्या लबाडीतूनच उगवते. हिरॉईन लिझी श्नाबेलश्टेट, नवीन टीचर, अगदी नियमाने चालणारी, धाकट्या बहिणीची जबाबदारी अंगावर, आणि वर्गातली कार्टी तिला रोज रडवतात. झेकीकडे डिग्री नसतेच, तो हिचंच सर्टिफिकेट ढापून स्वतःचं खोटं बनवतो. हे तिला कळतं. आता आपल्याकडच्या पिक्चरमध्ये ती एकतर रडली असती नाहीतर कानाखाली देऊन निघून गेली असती, पण ही बया काय करते, त्याला ब्लॅकमेल करते, की गप 10 ब तू घे नाहीतर सांगते सगळ्यांना! तिथून पुढे दोघंही एकमेकांच्या तावडीत. तो तिला जरा वाकडं वागायला शिकवतो, ती त्याला सरळ. ह्यात कोणी कोणाला 'सुधारायला' निघालेलं नाही, दोघांचा स्वार्थ आहे आणि स्वार्थ सांभाळता सांभाळता जीव जडतो, म्हणून ते पटतं. एलियास एमबारेक आणि कारोलिने हेरफुर्ट दोघंही झकास.

झेकीची शिकवायची पद्धत म्हणाल तर पोरं ऐकत नाहीत म्हणून हा सरळ पेंटबॉलची बंदूक काढतो. आणि एक सीन मला फार आवडतो, पोरांना सहलीला नेतो ते म्युझियममध्ये नाही, तर अशा लोकांच्या घरी जे नशेत किंवा बेकारीत वाया गेलेत, असंच चाललं तर दहा वर्षांनी तुम्ही इथे, बघून घ्या. हसता हसता पोरांची तोंडं उतरतात तेव्हा दोन मिनिटं पिक्चर कॉमेडी राहत नाही. काही जोक मात्र आज खटकतील, विशेषतः मुलींच्या दिसण्यावरचे, ते आधीच सांगून ठेवतो.

जर्मनीत तिकिटं विकली गेली 70 लाखांच्या वर. आणि नावावरून कोर्टकचेऱ्या झाल्या ती पण एक कॉमेडीच! प्रोड्युसर कॉन्स्टँटिन फिल्मला हे नाव ट्रेडमार्क करायचं होतं, युरोपियन युनियनच्या ट्रेडमार्क ऑफिसने सांगितलं की असभ्य आहे, मिळणार नाही. खालच्या कोर्टातही हरले. शेवटी 2020 साली सगळ्यात वरच्या कोर्टाने तो निकाल उलटवला, की अहो एवढ्या लोकांनी पिक्चर बघितला आणि नावावरून कोणी बोंब मारलेली दिसत नाही. त्यात कोर्टाने हेही नोंदवलं की गटे इन्स्टिट्यूट स्वतः हा पिक्चर शिकवण्यासाठी वापरते. म्हणजे आपलं पुण्याचं मॅक्स म्युलर भवन ज्यांचं आहे तेच लोक, तेव्हा क्लासमध्ये बिनधास्त नाव घ्या.

भाषेचं मात्र अवघड जाईल. पोरं सुसाट बोलतात, ग्रामर धाब्यावर, आणि पुस्तकात नसलेले शब्द भरपूर. इंग्लिश सबटायटल्स लावून एकदा मजा घ्या आणि मग जर्मन सबटायटल्सवर परत. शांताल नावाची पोरगी (येला हाझे) बोलायला लागली की पॉज करत बघा, ती सगळ्यात भारी आहे, इतकी हिट झाली की 2024 मध्ये फक्त तिच्यावर वेगळा पिक्चर आला.

पुढचे भाग 2015 आणि 2017 ला आले. दुसऱ्यात सगळे थायलंडला जातात, तो नाही बघितला तरी चालेल. तिसऱ्यात लिझी नाही त्यामुळे लव्हस्टोरीची मजा गेली, पण नवीन टीचर म्हणून सांड्रा ह्युलर आहे, हो तीच, जिला नंतर ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, तिला असल्या धिंगाण्यात बघायचं असेल तर तेवढ्यासाठी लावा.